डॉक्टर होणारी मुलगी आजारी पडली तर?

एक जुना फोटो आहे. १० ऑक्टोबर १८८५ या दिवशी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात काढलेला. त्यात तीन तरुण मुली आहेत. एकीनं साडी नेसली आहे, दुसरीनं जपानी किमोनो घातलाय आणि तिसरीचा पोशाख सीरिया देशातला आहे. तिघींपैकी एकही हसत नाही.  पण चेहरे असे ठाम, की बघणारा आपोआप सरळ बसतो!

या तिघी 'विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानिया' या कॉलेजात डॉक्टरीचं शिक्षण घेत होत्या. किमोनोवाली टोकियोची केई ओकामी. सीरियन पोशाखातली दमास्कसची साबात इस्लामबुली. आणि साडीतली? ती आपल्या ठाणे जिल्ह्यातली, कल्याणला जन्मलेली आनंदी जोशी.

फोटोखाली तिघींची नावं लिहिली आहेत. साबातचं नाव तिथं चक्क 'ताबात' असं पडलंय! परगावाहून, परदेशातून आलेल्या माणसाचं नाव नीट लिहिणं किती अवघड असतं बघा. आमच्या नेरूळच्या शाळांमध्ये हजेरीपटावर अशी गंमत नेहमीच होते. तेलुगू, कन्नड, भोजपुरी, बंगाली... कुठकुठली नावं मराठी शाळेच्या हजेरीत येतात आणि थोडी वेडीवाकडी होऊन बसतात.

हा फोटो मी चौथीच्या वर्गात दाखवला. आनंदीबाईंची गोष्ट मुलांना थोडीफार ठाऊक असते: भारतातली पहिली महिला डॉक्टर, लहानपणी लग्न, अमेरिकेत शिक्षण, लवकर मृत्यू. बहुतेक गोष्टी इथंच संपतात. पण एका मुलीनं हात वर केला. "बाई, ती तर डॉक्टरच होणार होती ना? मग ती आजारी पडली तेव्हा तिला कोण बघत होतं?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर साधं नाही. म्हणून हा लेख.

सहा प्रश्न

आनंदीचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झालं. ते तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचंच, असा त्यांचा हट्ट. त्या काळात तो विलक्षणच म्हणायचा. पण अभ्यासावरून ते तिला मारतही, हे आनंदीनं स्वतः पुढे पत्रात लिहिलेलं आहे. गोपाळरावांचं कौतुक करताना ही गोष्ट लोक हळूच गाळतात. मला ते पटत नाही.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या वेळी बायकांना बघायला बाई डॉक्टर नव्हती, आणि पुरुष डॉक्टरपुढे जायला बायका तयार नसत. दुखणं अंगावर काढायचं, नाहीतर मरायचं. आनंदीनं ठरवलं, आपण डॉक्टर व्हायचं.

गोपाळरावांनी १८७८ साली एका अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती थिओडिशिया कारपेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागण्याची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा तो अंक त्यांच्या हाती पडला. (दवाखान्यातली जुनी मासिकं अशी कामाला येतात हं!) त्यांनी आनंदीला पत्र लिहिलं. पत्रामागून पत्रं गेली. आनंदी त्यांना 'मावशी' म्हणू लागली.

आता नीट लक्ष द्या. गोपाळरावांची बदली तोवर बंगालमध्ये झाली होती. तिथं आनंदीची तब्येत ठीक नसे. डोकं सारखं दुखायचं, मधूनच ताप यायचा, अशक्तपणा होता, कधी कधी श्वास लागायचा. ही सगळी लक्षणं ती मावशींना कळवत होती आणि मावशी अमेरिकेहून औषधं पाठवत होत्या. त्या औषधांनी काही फरक पडला नाही. म्हणजे अमेरिकेला जायच्या आधीच ही मुलगी आजारी होती. अमेरिकेच्या थंडीनं तिचा बळी घेतला, असं जे सरसकट सांगितलं जातं, ते म्हणूनच अर्धंच खरं आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीनं इंग्रजीत भाषण केलं. वय अठराही पूर्ण नव्हतं. लोक तिला जे प्रश्न विचारून हैराण करत होते, तेच सहा प्रश्न तिनं भाषणात घेतले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेला कशाला जाते? इथं शिकायची सोय नाही का? एकटी का जाते? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिकडे काही संकट ओढवलं तर काय करशील? आणि कुठल्याही बाईनं आजवर केलं नाही ते तूच का करावंस? हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असंही तिनं तिथं सांगून टाकलं.

सहातले पाच प्रश्न समाजाच्या काळजीचे होते. 'संकट ओढवलं तर' हा पाचवा तेवढा तिच्या स्वतःच्या काळजीचा.

७ एप्रिल १८८३ ला 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीनं ती निघाली. प्रवासखर्चासाठी सोन्याच्या बांगड्या विकल्या होत्या. गोपाळराव मागे राहिले. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली. जवळजवळ दोन महिने समुद्रावर! मावशी तिला घरी घेऊन गेल्या. नव्या गावात उतरल्यावर ओळखीचं एक माणूस न्यायला येणं याची किंमत काय असते, हे पहिल्यांदा मुंबईत उतरलेल्या कुणालाही विचारा.

नवख्यांचं कॉलेज

फिलाडेल्फियाचं ते कॉलेज १८५० साली निघालं होतं, फक्त स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी. अमेरिकेतसुद्धा बाईनं डॉक्टर होणं तेव्हा लोकांना रुचत नव्हतं. १८६९ साली या कॉलेजच्या विद्यार्थिनी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शिकायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला, त्यांच्यावर कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. मुली शेवटपर्यंत बसून राहिल्या. म्हणजे आनंदी तिथं गेली तेव्हा ती एकटीच नवखी नव्हती. ते आख्खं कॉलेजच डॉक्टरांच्या जगात नवखं होतं.

तिथल्या डीन होत्या डॉ. रेचल बॉडली. त्या रसायनशास्त्र शिकवत. या बाईंची एक गोष्ट मला फार आवडते. बायकांना डॉक्टर करून उपयोग काय, लग्न झालं की त्या घरीच बसणार, असं लोक म्हणत. बॉडलीबाई भांडत बसल्या नाहीत. त्यांनी कॉलेजातून शिकून गेलेल्या डॉक्टर स्त्रियांना छापील प्रश्नावली पाठवली. तुम्ही सध्या रुग्ण तपासता का? कमाई किती होते? समाजात तुम्हाला कसं वागवतात? डॉक्टरीमुळे तुमच्या संसारावर काय परिणाम झाला? उत्तरं गोळा केली, मोजली आणि १८८१ साली भाषणात सगळ्यांसमोर मांडली. बहुतेक जणी कामच करत होत्या! आज कॉलेजात, विद्यापीठात मोठमोठे विद्यार्थी नव्याने आलेल्या लोकांच्या मुलाखती घेतात, सर्वेक्षण करतात, प्रबंध लिहितात. बॉडलीबाईंनी त्याच जातीचं काम टपालानं केलं होतं.

अशा डीनच्या कॉलेजला आनंदीनं अर्ज पाठवला. त्यात तिनं काही लपवलं नाही. प्रवेशासाठी लागणारं शालेय शिक्षण आपल्याकडे पुरेसं नाही, हे तिनं सरळ लिहिलं. पण माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, असंही लिहिलं. कॉलेजनं तिला घेतलं आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

शेगडी पेटवली तर धूर

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू या.

कोकणच्या दमट हवेत वाढलेली मुलगी बर्फाच्या शहरात आली. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिकडे ते चालेना, म्हणून ती गुजराती पद्धतीची साडी नेसू लागली. पण पाश्चात्त्य पोशाख तिनं घातला नाही. जेवण शाकाहारी. तिकडच्या खाणावळीत शाकाहारी माणसाला त्या काळी काय मिळत असेल, याची कल्पना करा. स्वतः रांधायचं तर वेळ कुठून काढायचा? व्याख्यानं, शवविच्छेदन, रुग्णालयातले तास, रात्री वाचन. त्यात ज्या खोलीत ती राहत होती तिथली शेगडी नीट चालत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, नाही पेटवली तर हाडं गोठवणारी थंडी. रोज संध्याकाळी दोन्हींतून एक निवडायचं.

धुरानं किंवा थंडीनं क्षय होत नाही बरं का. तो जंतूमुळे होतो. तो जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञानं सापडल्याचं जाहीर केलं २४ मार्च १८८२ ला. म्हणजे आनंदी अमेरिकेला निघायच्या जेमतेम वर्षभर आधी! रोगाचं कारण कळलं होतं, औषध मात्र नव्हतं. क्षयावर खरा परिणाम करणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यायला १९४० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. तोवर डॉक्टरांच्या हाती तीनच गोष्टी होत्या: विश्रांती, मोकळी हवा आणि चांगलं अन्न. आनंदीला या तिन्हींचीच टंचाई होती.

मग तिला कोण बघत होतं? चहूबाजूंनी तर डॉक्टरच होते! मावशींची माया होती, बॉडलीबाईंचाही तिच्यावर जीव होता. पण माणूस जवळ असणं वेगळं आणि त्याला आपलं दुखणं सांगणं वेगळं. आपण इतक्या लोकांशी भांडून इथं आलो, पैसे लोकांनी दिलेत, सगळा देश बघतोय, अशा वेळी 'मला बरं वाटत नाही, मला खोली बदलून द्या' हे तोंडातून निघणं किती अवघड! नव्या माणसाला आपण सहसा विचारतो, "काय, रुळलीस का?" आणि तो सहसा म्हणतो, "हो." झालं. दोघंही सुटले.

पन्नास पानं

तरीही तिनं काय केलं बघा. पदवी मिळवायची तर शेवटी एक प्रबंध लिहावा लागे. आनंदीनं विषय निवडला आपल्याकडच्या बाळंतपणाचा. 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' असा त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ. सुमारे पन्नास पानं. गरोदर बाईची निगा, तिचा आहार, बाळंतपण, नव्या बाळाची काळजी यांबद्दल आपल्या जुन्या ग्रंथांत काय सांगितलंय ते तिनं मांडलं, आणि अमेरिकन पाठ्यपुस्तकांतलं ज्ञानही जोडीला घेतलं.

यातली मजा लक्षात आली का? तीन वर्षं ती वर्गातली नवखी होती. भाषा परकी, जेवण परकं, प्रत्येक गोष्ट तिला दुसऱ्याला विचारावी लागत होती. प्रबंध लिहिताना मात्र पारडं फिरलं. सुश्रुत कोण, त्यानं काय लिहिलं, हे तिला माहीत होतं आणि प्रोफेसरांना नव्हतं. नवखं माणूस रिकाम्या हातानं येत नाही. ते सोबत काहीतरी घेऊन येतं, फक्त ते मांडायला पन्नास पानं मिळाली पाहिजेत.

आणि तो विषय तिला कुठून सुचला असेल? दहा दिवसांत गेलेल्या बाळाची आठवण विसरून हा प्रबंध वाचता येत नाही, असं मला वाटतं.

हा प्रबंध फिलाडेल्फियातच जपून ठेवलाय. त्या कॉलेजचं नाव आणि व्यवस्था पुढे बदलत गेली. आज ते सगळं दप्तर ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे.

११ मार्च १८८६ ला पदवीदान झालं. पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या. (पुढे रमाबाईंनी मुंबईत 'शारदा सदन' उघडलं, तीही तारीख ११ मार्चच, साल १८८९.) कोल्हापूर संस्थानानं आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचं काम देऊ केलं. त्या ऑक्टोबर १८८६ मध्ये परत निघाल्या तेव्हा आजार बळावला होता. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांना पाऊल ठेवता आलं नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांची रक्षा मावशींकडे अमेरिकेत पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी गावच्या दफनभूमीत, कारपेंटर कुटुंबाच्या जागेत, त्यांच्या नावाचा दगड आहे. मावशीनं शेवटपर्यंत त्यांना घरातलंच मानलं.

आपल्याच गावात नवखी

फोटोतल्या बाकीच्या दोघींचं काय झालं? केई ओकामी १८८९ मध्ये डॉक्टर झाली आणि जपानला परतली. टोकियोच्या जिकेई रुग्णालयात तिला काम मिळालं. एकदा सम्राट रुग्णालय पाहायला यायचे होते, पण समोर बाई डॉक्टर नको, असं ठरलं. तिनं नोकरी सोडली आणि घरीच दवाखाना काढला. शाब्बास! साबात १८९० मध्ये डॉक्टर झाली आणि आपल्या देशी परत गेली.

पण मला सांगायचंय ते चौथ्या मुलीबद्दल. ती फोटोत नाही. तिचं नाव सुसान ला फ्लेश. जन्म १८६५ चा, म्हणजे आनंदीच्याच वयाची. अमेरिकेतल्या ओमाहा या मूळ रहिवासी जमातीची ती मुलगी. गोरे लोक यायच्या कितीतरी आधीपासून तिचे लोक तिथं राहत होते. लहानपणी तिनं एक म्हातारी बाई मरताना पाहिली होती; गोऱ्या डॉक्टरला पुन्हा पुन्हा निरोप गेले आणि तो आलाच नाही. आनंदी भारतात परत निघाली त्याच सुमारास, १८८६ च्या शरदात, सुसान त्याच कॉलेजात दाखल झाली. १८८९ मध्ये ती वर्गात पहिली येऊन डॉक्टर झाली, आपल्या लोकांत परत गेली, घोड्यावरून, बग्गीतून मैलोन्‌मैल फिरून रुग्ण पाहिले आणि १९१३ साली नेब्रास्कात वॉल्टहिल इथं रुग्णालय उभं केलं.

तिनं समुद्र ओलांडला नव्हता. आपल्याच देशातल्या शहरात ती नवखी होती.

इथं मला आमचं नेरूळ आठवतं. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर नवं शहर आखायला घेतलं. आज आपण 'सेक्टर अमुक, प्लॉट तमुक' म्हणतो, त्याखाली भातखाचरं होती, मिठागरं होती. नेरूळ, सारसोळे, करावे, दारावे, शिरवणे, कुकशेत ही गावं आधीपासूनची. तिथले आगरी-कोळी इथले मूळ माणूस. इमारतींत राहणारे आम्ही सगळे नंतर आलेले, कुणी साताऱ्याहून, कुणी केरळातून, कुणी बिहारमधून. पण नव्या शहरात दाखला काढायला, दवाखान्यातला केसपेपर काढायला मूळ गावच्या आजींनाही तितकंच गोंधळायला होतं जितकं काल आलेल्या माणसाला. नवखेपण नेहमी गाठोडं घेऊन गाडीतून उतरतंच असं नाही. कधी कधी माणूस आपल्या ओटीवर बसलेला असतो आणि गावच त्याच्याभोवती बदलून जातं.

आमच्या वर्गाची प्रश्नावली

नेरूळमध्ये आता दोन मेडिकल कॉलेजं आहेत. डॉ. डी. वाय. पाटील यांचं १९८९ पासून, तेरणाचं १९९१ पासून. लांबलांबून ताई-दादा डॉक्टर व्हायला येतात. नवे प्रवेश झाले की पाठीवर सॅक आणि हातात नवी बादली घेतलेली मुलं रिक्षावाल्याला पत्ता विचारताना दिसतात. आमच्या मुलांना आता ती नवी बादली लगेच ओळखू येते!

मग आम्ही ठरवलं, बॉडलीबाईंसारखी आपणही प्रश्नावली करायची. खूप खल झाला. मुलांनी सुचवलेले कितीतरी प्रश्न गाळावे लागले. 'तुम्ही गरीब आहात का?' असं कुणाला विचारायचं नसतं, हे समजावण्यात एक तास गेला. शेवटी उरले ते हे:

तुम्ही इथं कुठून आलात आणि पहिल्या दिवशी कुणाकडे उतरलात? इथं आल्यावर पहिल्यांदा आजारी पडलात तेव्हा आधी कुणाला सांगितलं? दवाखाना कुणी दाखवला? डॉक्टरांना दुखणं कुठल्या भाषेत सांगितलं? इथं काय खायला मिळत नाही? तुम्हाला असं काय येतं जे इथल्या लोकांना येत नाही?

शेवटचा प्रश्न आनंदीच्या प्रबंधावरून सुचलेला. तो विचारला की माणसं एकदम खुलतात, असं मुलांचं म्हणणं. एका वॉचमनकाकांनी मुलांना बांबूची टोपली कशी विणतात ते दाखवलं. एका काकूंनी आजीकडून शिकलेली बाळाला न्हाऊ घालायची पद्धत सांगितली, अगदी हातवारे करून.

दुखणं आधी कुणाला सांगितलं, याची उत्तरं ऐकण्यासारखी होती. किराणा दुकानदाराला. शेजारच्या खोलीतल्या बाईला, तिची भाषा येत नव्हती तरी. गावी फोन करून आईला. एक मावशी म्हणाल्या, "कुणालाच नाही. दोन दिवस झोपून राहिले." त्या इमारतीच्या बांधकामावर काम करतात.

आणि आमच्याच वर्गातून एक उत्तर निघालं. परराज्यातून आलेली एक मुलगी. तिच्या पोटात रोज दुपारी दुखायचं. घरच्यांना वाटलं, शाळा नको म्हणून नाटक करते. प्रश्नावली भरताना तिनं शेजारणीला हळूच सांगितलं की ती शाळेत दिवसभर पाणीच पीत नाही. का? तर पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि 'बाई, जाऊ का?' हे मराठीत कसं विचारायचं ते तिला माहीत नव्हतं. शेजारणीनं तिला तिथल्या तिथं तीन शब्द शिकवले. पोटदुखी थांबली. औषध लागलंच नाही.

एक गोष्ट मुलांना मी मुद्दाम फळ्यावर लिहून दिली, तुम्हीही लिहून घ्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर क्षयाची तपासणी करून घ्यायची. सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट मिळतात. औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, मध्येच सोडायची नसतात. पण पूर्ण घेतली तर हा रोग बरा होतो. प्रश्नावली घेऊन ज्या ज्या दारी गेलो, तिथं मुलं हे पाठ म्हणून दाखवून आली. एका आजोबांनी त्यांना दोनदा म्हणायला लावलं आणि मग चिठ्ठीवर लिहून घेतलं.

मेडिकलच्या एका ताईनंही प्रश्नावली भरून दिली. ती विदर्भातली. "आजारी पडल्यावर आधी कुणाला सांगितलं?" यापुढे तिनं लिहिलंय, 'रूममेटला. ती नागालँडची आहे. तिनं मला भाताची पेज करून दिली. आमच्याकडे आई करते तशीच होती.'

तुमच्याकडे असं करून बघा. प्रश्न हेच हवेत असं नाही, तुमच्या गावाला साजेसे करा. उसाच्या तोडीला आलेली मुलं असतील, बदलीवर आलेल्या पोलिसांची मुलं असतील, लग्न होऊन आलेली नवी वहिनी असेल. वहिनी पण नवखीच असते ना! आधी विचारून घ्या, नको म्हणाले तर हट्ट करू नका, आणि दुखण्याबद्दल कुणी सांगितलं तर त्याचं नाव वर्गात मोठ्यानं वाचू नका.

आमच्या वह्या अजून भरायच्या आहेत. सारसोळ्याच्या कोळी आजींकडे जायचं राहिलंय. त्या म्हणाल्या, "रविवारी या गो, मासळी विकून झाली का. आनि त्या कागदावर लिवा, आमी खयसून आलो नाय, आमी हितलंच!" आता पहिल्या प्रश्नापुढे त्यांच्यासाठी काय लिहायचं, यावर वर्गात दोन दिवस वाद चाललाय.